क्यूवरची चकाकी

क्यू सरकत नव्हता. चष्मेवाल्याला सध्या याहून मोठं दुःख नव्हतं, आणि ते सांगून सांगून त्याने क्लबातल्या लोकांचे कान किटवले होते. स्नूकरचा क्यू म्हणजे शेवटी एक लांब काठीच. पण ती डाव्या हाताच्या अंगठ्यावरून सुळकन पुढे जायला हवी. याची काठी अर्ध्या वाटेत अडायची. तळवा जरा घामेजला की लाकूड कातडीला धरून बसायचं आणि पांढरा चेंडू भलतीकडेच जायचा. क्लबात त्याचं नाव आता चिकटराव पडलं होतं. नाव ठेवलं होतं दातांच्या डॉक्टरने, आणि वार्षिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गाठ त्या डॉक्टरशीच होती.

या माणसाकडून तो दर वर्षी हरत आला होता. कधी दिव्याचा उजेड तिरपा पडला म्हणून, कधी टेबलाचं कापड झिजलं होतं म्हणून. यंदा मात्र कारण खरं होतं आणि नेमकं यंदाच कुणी विश्वास ठेवत नव्हतं. या गोष्टीने त्याचं पित्त जास्तच खवळायचं.

उपाय करायचे काही बाकी ठेवले नव्हते. ओल्या फडक्याने पुसून झालं, कोरड्याने पुसून झालं. हाताला पावडर लावली, तर तिचा लगदा झाला. शेवटी काचा पुसायचं स्पिरिट त्याने आपल्या चष्म्यांच्या दुकानातून घरी आणलं आणि रोज सकाळी तो क्यू पुसायला लागला. फडक्यावर तांबूस मळ यायचा. हातांचा घाम, खडूची धूळ, निघतंय सगळं, म्हणून गडी खूश होऊन कामाला जायचा. आणि संध्याकाळी क्यू हातात घ्यावा तर पुन्हा तेच, दिसायला चकचकीत आणि धरायला चिकट.

क्यू दुरुस्त करणाऱ्याशी तो जाऊन भांडलाही. "तुम्ही लावलेलं तेल वाळलंच नाही," असं त्याला तोंडावर सांगितलं.

दुरुस्तीवाल्याने लाकडावरून बोट फिरवलं, नखाने जरा खरवडलं. "हे माझं तेल नाही साहेब. वर काहीतरी दुसरंच चढलंय."

हात झटकतोय लेकाचा, असं मनात म्हणत चष्मेवाला तणतणत परत आला.

सामन्याच्या दिवशी त्याने दुपारीच दुकान बंद केलं. घरी येऊन पाहतो तर गॅलरीत दोन खुर्च्यांच्या पाठींवर क्यू आडवा ठेवलेला, आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवत सासरे उभे.

सासऱ्यांचा सगळा जन्म फर्निचरला लाखेचं पॉलिश करण्यात गेला होता. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी घरातल्या खुर्च्या, कपाट, खिडक्यांच्या चौकटी, सगळं चमकवून टाकलं. शेवटी वासाने डोकं दुखतं म्हणून लेकीनेच त्यांचं काम बंद पाडलं होतं. निदान तिची तशी समजूत होती.

"लवकर आलात जावईबापू?" सासरे म्हणाले. "जरा थांबा, हात लावू नका. ओलं आहे."

"मामा, हे काय करताय?"

"या काठीला आधी कुणी पॉलिश केलं होतं हो? अगदीच कच्चं काम. मी रोज दुपारी हात देतोय, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर चकाकी गेलेली. माझ्या कामाचं असं कधी झालं नव्हतं. पण मीही सोडणारा नाही."

चष्मेवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि तो रोज सकाळी ती अर्धीमुर्धी विरघळवून काठीभर सारवत होता. दुपारी सासरे त्यावर नवा थर देत होते. दोघांनी चोख काम करून एका चांगल्या क्यूचं वाटोळं केलं होतं.

दुसरं कुणी असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. पण सासऱ्यांवर ओरडायचं कसं? त्याने दात आवळले, खाली रस्त्याकडे बघितलं, आणि तरीही तोंडातून निघालंच, "माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका, मामा. जे येतं तेवढंच घेऊन बसता आणि दुसऱ्याचं नुकसान करता."

सासऱ्यांनी बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि ते आत गेले.

"अहो, काय बोललात त्यांना?" बायकोने दारातून विचारलं. तो स्पिरिटची बाटली घेऊन क्यूशी झटू लागला. जितकं घासावं तितकं ते पसरत होतं. कुठे लाकूड उघडं पडलं, कुठे गुठळ्या झाल्या. घड्याळाकडे बघितलं की हात आणखीच घाई करायचा. रडायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात सासरे परत आले. त्यांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "गोल नका फिरवू. लाकडाच्या रेषेने ओढायचं, आणि दर वेळी फडक्याची कोरी बाजू." पुसून झाल्यावर त्यांनी बारीक काचकागद हलकेच फिरवला. आपण दिलेला एकेक थर त्यांनी स्वतःच उतरवला. शेवटी निस्तेज, कोरं लाकूड तेवढं राहिलं.

"नागडं दिसतंय," ते म्हणाले.

"असंच लागतं, मामा."

संध्याकाळी सासरेही क्लबात आले. बायकोने बजावून पाठवलं होतं. ते भिंतीलगतच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसले. सामना अटीतटीचा झाला आणि शेवटी टेबलावर एकटा काळा चेंडू उरला. तो जो आत घालेल तो जिंकणार. पाळी चष्मेवाल्याची होती, चेंडूही सोपा होता, पॉकेटच्या अगदी तोंडाशी. क्यू अंगठ्यावरून लोण्यासारखा सरकला. काळा चेंडू पॉकेटच्या कडेला थडकला आणि बाहेर आला. डॉक्टरने तो सावकाश आत घातला.

"काय चिकटराव," डॉक्टरने क्यू पुसत विचारलं, "आजही काठी चिकटली वाटतं?"

सगळे हसले. चष्मेवाल्याने तोंड उघडायच्या आत सासरे बाकावरून उठले.

"माझ्यामुळे झालं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी पॉलिश लावलं होतं. ते मला नीट काढता आलं नाही. माझंच काम कच्चं राहिलं."

हसू थांबलं. डॉक्टरने त्यांच्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत एवढं पक्कं कारण चष्मेवाल्याच्या हाती लागलं नव्हतं. सासरे त्याच्याकडे बघत नव्हते. नखांत लाख भरलेले त्यांचे हात त्यांनी पाठीमागे घेतले होते.

त्याने क्यू डॉक्टरपुढे धरला. "बोट फिरवून बघा," तो म्हणाला. "यांनी काढलंय. कुठेही चिकटत नाही. चेंडू मी चुकवला."