काठी हातात असताना

गस पेट्राकने प्लॅस्टिकचा काटा-चमचा उंचावून सांगितलं, की डॅरेल टॉलिव्हर आठ वर्षांचा असताना त्याच्या दुकानात केस कापायला आला होता, आणि तेव्हाच त्याने, म्हणजे गसने, पोराच्या आईला सांगितलं होतं, की बाई, या मानेवर फार मोठं डोकं बसणार आहे. टीव्हीवाल्या मुलीने ते भक्तिभावाने लिहून घेतलं. डॅरेल आठ वर्षांचा होता तेव्हा टॉलिव्हर मंडळी या गावात राहायलाच आली नव्हती.

लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतला, शुक्रवार होता. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी असतो तसा मासा तळला जात होता, सोबत पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणि कोबी घातलेल्या शेवया. पण त्या दिवशी मासा निमित्ताला होता. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या ब्रॅडन्स मिलच्या पोराने फुटबॉलचा देशातला सगळ्यात मोठा सामना जिंकला होता, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर त्याचा नऊ नंबर कायमचा राखून ठेवणार होते. यापुढे तो नंबर कोणाच्याच पाठीवर लागणार नव्हता. त्यामुळे हॉलमध्ये ज्याच्या-त्याच्या तोंडी डॅरेल. पोस्टातली अर्लीन म्हणाली, तो सायकलवरून तिसऱ्या मजल्यावर पेपर फेकायचा. कोणी म्हणालं, त्याने नदीच्या या काठावरून त्या काठावर चेंडू टाकलेला आपण डोळ्यांनी पाहिलाय. ही गोष्ट मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी ती नदी थोडी रुंद होते.

खोटं का असेना, मला ऐकायला आवडतं. पोलाद कारखाना बंद पडल्यापासून या गावाबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता. आता सगळा देश आमचं नाव घेतो, आणि बरोबर उच्चारतो.

माझा नवरा एमिल हुदाक शेजारी बसून माशातले काटे काढत होता. एमिल गावच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं मीटर वाचत होता. आकडा दिसेल तो लिहायचा, मग घर पाद्रीबाबांचं असो की सासऱ्याचं. माझ्या वडिलांनी त्याला या एका गोष्टीसाठी कधी माफ केलं नाही. टीव्हीवाल्या मुलीने त्यालाही विचारलं, की आजोबा, तुम्ही डॅरेलला खेळताना पाहिलंय का. एमिलच्या आधी गसच बोलला.

"त्याला काय विचारता? डॅरेलला हरवलं ते यानेच."

सगळं टेबल हसलं. अकरा वर्षांचा शिळा विनोद, पण गावाला अजून गोड लागतो.

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात. डॅरेल क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना मिळतो. ते दहा यार्ड मोजायला एक साखळी असते, दोन्ही टोकांना माणसाएवढी काठी. शंका आली की साखळी मैदानात आणतात, मागची काठी खुणेवर धरतात आणि पुढच्या काठीचा माणूस साखळी ताणतो. आमच्या शाळेच्या मैदानावर तो पुढचा माणूस एकतीस वर्षं एमिल होता. साखळी धरणाऱ्याने ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, हा नियम. सगळ्या गावात खेळाच्या सगळ्यात जवळ उभा असलेला माणूस हा, आणि एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून हूं की चूं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती नियमांत लिहिलेली नाही. घरच्या मैदानावर साखळी धरणारे घरचेच असतात. पाहुण्यांसाठी मोजताना साखळी करकचून ताणायची, आपल्या पोरांसाठी मोजताना अंगठाभर ढिली सोडायची. ढिली राहिली की दहा यार्ड जरा आधीच भरतात. हे पंचाला दिसत नाही, गावाला ठाऊक असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही.

अकरा वर्षांपूर्वी डॅरेल सोळा वर्षांचा होता. बाद फेरीचा सामना, शेवटचं मिनिट, आम्ही चार गुणांनी मागे, चौथा प्रयत्न. समोर कोणी मोकळं दिसेना, म्हणून पोरगं स्वतःच चेंडू घेऊन पळालं आणि तिघांच्या खालून पुढे झेपावलं. साखळी मैदानात आली. सगळं गाव उभं राहिलं. एमिलने ती ताणली, पाहुण्यांसाठी ताणायचा तशीच. चेंडू एक कडी मागे राहिला. एक कडी म्हणजे माझ्या करंगळीएवढी. चेंडू समोरच्यांना गेला आणि सामनाही गेला.

त्यानंतर त्याचं नाव 'ताठ एमिल' पडलं. नावाचं काही नाही हो, पण चर्चमध्ये शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली की पुढच्या बाकावरचे मागे वळेनात. गस त्याचे केस कापायचा, पण एक शब्द बोलायचा नाही, आणि न बोलणारा गस मी तेव्हाच पाहिला. मीही चिडले होते, खोटं कशाला बोलू. त्याला म्हटलं, अंगठाभर ढिली सोडली असतीस तर हात झडला असता का तुझा? तो म्हणाला, "रोझाली, मग ते दहा यार्ड नसते झाले." आणि तळघरात नळ दुरुस्त करायला गेला. नळ चांगला होता.

पुढचं मी गावात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही ब्रॅडन्स मिलचे नाही, म्हणून सांगते.

आठ दिवसांनी, शनिवारी सकाळी, दारात डॅरेल. मला वाटलं, खिडकीची काच फोडायला आलाय. त्याने टोपी काढली आणि विचारलं, "मिस्टर हुदाक, खरंच कमी पडलं होतं?"

"एक कडी," एमिल म्हणाला.

"बाकी सगळे म्हणतात, तुम्ही मला फसवलंत."

"तुला काय वाटतं?"

पोरगं पायरीवर बसलं. मग म्हणालं, "मला वाटलं होतं मी पोचलो. मला कळलंच नाही, दहा कुठे होतात ते."

एमिलने कोट घातला. शाळेने नवी साखळी घेतली तेव्हा जुनी याला देऊन टाकली होती, ती आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. ती घेऊन दोघं बंद कारखान्याच्या भिंतीमागे गेले, जिथे कोणी फिरकत नाही. तो सगळा हिवाळा दर शनिवारी हेच. एमिल साखळी ताणून अंथरायचा आणि सांगायचा, डोळे मीट, पळ आणि दहा भरले वाटलं की थांब. पहिल्या दिवशी पोरगं दीड यार्ड चुकलं. फेब्रुवारीपर्यंत वीतभर. बर्फ वितळेस्तोवर ते डोळे मिटून काठीला नाक टेकवून उभं राहायला लागलं. मी थर्मासमधून सूप न्यायची. डॅरेल दोन वाट्या प्यायचा आणि आईसाठी डब्यात भरून न्यायचा, कारण त्याची आई योव्हॉन वृद्धाश्रमात दुहेरी पाळी करायची आणि घरी चूल पेटायची नाही.

हे कोणाला सांगायचं नाही, अशी एमिलने मला शपथ घातली होती. काठी धरणाऱ्याला बाजू नसते, म्हणायचा. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात आमच्याच मैदानावर पुन्हा साखळी आली आणि या खेपेला डॅरेल अर्ध्या कडीने पुढे निघाला. आम्ही राज्यात पहिले आलो. पोरगं कॉलेजात गेलं, तिथून मोठ्या संघात. टीव्हीवरचे जाणकार म्हणतात, या माणसाला रेघ कुठे आहे ते न बघता कळतं, देवाची देणगी आहे. देव बिचारा काय बोलणार. पण त्या शनिवारांची गोष्ट बाहेर आली असती, तर ती अर्धी कडीही संशयात गेली असती. लोक म्हणाले असते, आपल्या चेल्यासाठी हुदाकने ढिली सोडली. एमिलजवळ दुसरं काही नव्हतं हो. मोजलं ते बरोबर मोजलं, एवढंच होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तो मोठा सामना आम्ही घरीच पाहिला. शेवटी पुन्हा चौथा प्रयत्न, पुन्हा डॅरेल स्वतःच पळाला आणि झेपावला. तिथे आता साखळी नसते, कॅमेरे मोजतात. चेंडू नाकभर पुढे निघाला. शेजारच्या घरांतून आरोळ्या उठल्या. आमचा एमिल खुर्चीपुढे उभा, उजवा हात पुढे, मूठ आवळलेली. त्या मुठीत काही नव्हतं. मग खाली बसला आणि पुटपुटला, "कॅमेऱ्याला काय कळणार, ताण असतो म्हणजे काय."

तर त्या शुक्रवारी हॉलमध्ये सगळे हसत असतानाच शाळेच्या ऑफिसातली बाई आमच्या टेबलाशी आली. डॅरेलचा निरोप होता. उद्या मिस्टर हुदाकनी येताना जुनी साखळी घेऊन यावं.

गसने टेबलावर थाप मारली. "अकरा वर्षं वाट बघितली पोराने. उद्या गावासमोर हिशोब चुकता करणार बघ."

एमिलने उरलेला मासा कागदात गुंडाळला. गाडीत मी म्हटलं, आता सांगू दे त्याला सगळं, कळू दे या लोकांना तू कोण आहेस ते. माझ्या तोंडाला अकरा वर्षं कुलूप होतं, मी कंटाळले होते. तो गाडी हाकत राहिला. घर आल्यावर म्हणाला, "त्याने शनिवारांचं सांगितलं, तर माझं सगळं मोजणं गेलं." त्या वेळी त्याचा आवाज मला म्हाताऱ्याचा वाटला.

सकाळी मैदान गच्च भरलं होतं. मार्चची थंडी, पण एकही घर मागे राहिलं नव्हतं. एमिल नेहमीच्या जागी, कडेच्या रेघेवर, काठी धरून उभा. गुडघा दुखतो म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याने हे काम सोडलं होतं, पण उभा राहिला तो अगदी पहिल्यासारखा. मी त्याच्या मागे, दोरीच्या अलीकडे. डॅरेल आईचा हात धरून आला. काय उंचापुरा झालाय. भाषणं झाली, नऊ नंबरचा शर्ट चौकटीत बसवून वर चढवला. मग डॅरेल माइक हातात घेऊनच थेट मैदानात गेला, बूट टेकवून त्या जुन्या सामन्यातली जागा शोधली आणि चेंडू गवतावर ठेवला.

"मागची काठी कोणीतरी धरा," तो म्हणाला. सगळ्यात पुढे गसच उभा होता, तेव्हा धरावी लागली त्यालाच. डॅरेलने त्याला खुणेवर उभं केलं. एमिल लंगडत पुढे गेला आणि त्याने साखळी ताणली. गसचे खांदे पुढे ओढले गेलेले मला लांबून दिसले. अकरा वर्षं ज्या ताणावर तोंड वाजवलं, तो त्याला पहिल्यांदाच हाताला लागला.

डॅरेल गुडघ्यावर बसून चेंडूकडे बघत राहिला. आता हा शनिवारांचं बोलतो की काय, असं मला झालं. एमिलने साखळी ढिली होऊ दिली नाही.

"एक कडी कमी," डॅरेल म्हणाला. "तेव्हाही एवढीच होती. मी कमी पडलो होतो, साखळी बरोबर होती. बरोबर साखळी असलेल्या गावातून मी आलोय." एवढंच बोलून त्याने माइक खाली ठेवला.

शनिवारांबद्दल एक शब्द नाही. त्याने एमिलकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, आणि मला कळलं, की या पोराला दहा यार्ड नुसते पायांत कळलेले नाहीत.

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो आमच्यासाठी होता हो. बाक दणाणले. गस एका हाताने डोळे पुसत होता, दुसऱ्याने काठी धरून होता. एमिल कडेच्या रेघेवर परत आला. चेहरा मीटर वाचतानाचा. मी दोरीवरून वाकून म्हटलं, "अरे, आज तरी वाजव टाळी."

"काठी हातात आहे," तो म्हणाला.

लोक वाजवून-वाजवून थकले. हळूहळू शांत झालं. गाड्यांची दारं वाजायला लागली. डॅरेल आईला घेऊन फाटकाकडे निघाला होता. तेव्हा एमिल वाकला, दुखरा गुडघा सांभाळत, आणि त्याने काठी गवतावर आडवी ठेवली. एकतीस वर्षांत मी ती जमिनीवर पडलेली पाहिली नव्हती. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि रिकाम्या होत चाललेल्या मैदानावर, सगळ्यांच्या नंतर, फाटक्या आवाजात त्याने एकदाच हाक मारली, "डॅरेल!"

फाटकाशी डॅरेल थांबला. एमिलने काठी उचलली, टोकाची माती बाहीला पुसली आणि साखळी गुंडाळायला घेतली.