आईला ऐकू जाईल असा आवाज

मुलांना कॉम्प्युटरवर गोष्ट करायला बसवलं की ती सगळ्यात आधी संगीत शोधतात. गोष्ट कशावर आहे ते ठरलेलं नसतं, चित्रं नसतात, सांगायला एक धड वाक्य नसतं. पण खोलीत ढोल, पियानो आणि वादळवारे सुरू झालेले असतात. मी अडवत नाही. थोडा वेळ धुमाकूळ घालू देते, मग संगीत बंद करते आणि विचारते, "हं, आता सांगा, काय झालं?" सगळे एकमेकांकडे बघतात. कारण काहीच झालेलं नसतं.

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी हे काम चालतं. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला कॉम्प्युटर फक्त पुसता येत होता. आता पडद्यावर तीन पट्ट्या एकीखाली एक मांडता येतात: वर चित्रांची, मध्ये आवाजाची, खाली संगीताची. हे मला मुलांनीच शिकवलं. मी त्यांना गोष्ट सांगायला शिकवते, आणि माझा नियम एकच. आधी आवाज. डोळे मिटून नुसतं ऐकायचं. गोष्ट समजली, तरच चित्रं. संगीत सगळ्यांत शेवटी.

त्या खेपेला एका कॉम्प्युटरवर तिघं बसली होती. एक इंजिनियर, वय वर्षं अकरा, ज्याच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असे. एक बासरी, जिचा आवाज इतका गोड, की शाळेतला कुठलाही कार्यक्रम तिच्याशिवाय सुरू होत नसे. आणि तिसरी भोंगा.

"मला सगळे भोंगा म्हणतात," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि खाली वर्तमानपत्र वाचत बसलेले एक गृहस्थ वर येऊन काय झालं म्हणून विचारून गेले. जाड, घोगरा, दणदणीत आवाज. वर्गात, जिन्यात, दुकानात, जिथे जाईल तिथे तिला कोणीतरी सांगे, "अगं, हळू." ती मान डोलवी आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणे, "बरं!"

गोष्टीचा विषय तिनेच आणला. तिची आई मोठ्या धुलाईघरात काम करते. गावातल्या इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जातात.

"मशीन एवढं मोठं, की आत माणूस उभा राहील," भोंगा म्हणाली.

"आणि राहिला तर?" इंजिनियरने विचारलं.

"तर स्वच्छ होऊन बाहेर येईल. तू जाऊन बघ एकदा."

विषय तिथेच पक्का झाला. भोंग्याने आईच्या मागे मागे फिरून फोटो काढले: चादरींचे ढीग, वाफ, मशीनच्या गोल काचेतून दिसणारं फेसाचं पाणी, इस्त्रीच्या लांब रुळांतून सपाट होऊन निघणारं कापड, आणि आईचे हात. मजकूरही तिघांनी बसून लिहिला. मग प्रश्न आला, बोलणार कोण. इंजिनियरने बासरीकडे बोट दाखवलं, बासरीने स्वतःकडे. भोंगासुद्धा म्हणाली, "तीच बोलू दे. माझ्या आवाजाने चादरी फाटतील."

आम्ही आवाज घेतो तो वाचनालयाच्या सामानाच्या खोलीत. तिथे रंगमंचाचे जुने मखमली पडदे टांगलेले आहेत, त्यांच्यामध्ये उभं राहिलं की आवाज घुमत नाही. बासरी आत गेली आणि एका दमात सगळं वाचून आली. आम्ही डोळे मिटून ऐकलं. एक शब्द अडखळला नव्हता. मी शाबासकी द्यायला डोळे उघडले, तर भोंगा खिडकीबाहेर बघत होती.

"काय गं, आवडलं नाही?"

"छान आहे, बाई. पण आईला ऐकू जाणार नाही."

मग तिने सांगितलं. मशीनच्या घरघरीत इतकी वर्षं काढून आईचे कान गेलेत. पूर्ण नाही, पण बरेचसे. कानाला लावायचं यंत्र आहे, पण चार माणसं जमली की ते सगळा गलका एकत्र कालवून टाकतं, म्हणून ते कपाटातच असतं. माणसांत बसली की आई इतरांची तोंडं बघते. सगळे हसले की हसते, सगळे गंभीर झाले की गंभीर होते. कोणाला पत्ताही लागत नाही.

"त्या दिवशीपण ती तसंच करणार," भोंगा म्हणाली. "तिच्यावरची गोष्ट, आणि ती लोकांचे चेहरे बघून टाळ्या वाजवणार. मला ते नकोय."

गोष्टी दाखवायचा कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. सगळ्यांचे आईबाप येणार होते.

"एवढंच ना? आवाज वाढवतो," इंजिनियर म्हणाला.

संध्याकाळी आई तिला न्यायला आली. उंच, रुंद खांद्यांची बाई. हातांची कातडी साबणाने पांढरी पडलेली. तिला खुर्चीवर बसवून आम्ही बासरीचं एक वाक्य ऐकवलं. आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि हसून म्हणाली, "फार छान!"

"काय म्हणाली ती?" भोंग्याने विचारलं.

"म्हटलं ना, छान म्हणाली."

इंजिनियरने आवाज दुप्पट केला. आईने कपाळाला आठ्या घातल्या. "आता कोणीतरी किंचाळतंय," ती म्हणाली. "पण का किंचाळतंय ते कळत नाही." बासरीचा चेहरा एवढासा झाला.

"आई, तो पंखा बंद कर गं, तुझ्या मागचं बटण!" दाराशी चपला घालता घालता भोंगा म्हणाली. आईची तिच्याकडे पाठ होती. तिने मागे न बघता हात लांब केला आणि बटण बंद केलं.

आम्ही तिघं तिच्याकडे बघतच राहिलो.

"हिचं कसं ऐकू आलं?" मी जवळ जाऊन, तिच्या डोळ्यांसमोर, सावकाश विचारलं.

"हिचं येतंच की," आई म्हणाली. "जाड आवाज येतात मला. ट्रक येतो, पाखरू येत नाही. दार आपटलेलं कळतं, फोन वाजलेला नाही. घरात हिच्यासारखं कोणी बोलत नाही. हिचे बाबा तर ओठांतल्या ओठांत बोलतात."

त्या दोघी गेल्यावर बासरीने आपलं वाक्य पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाली, "बाई, म्हणजे माझा आवाज वाईट?"

"तुझा आवाज पाखराचा आहे. ज्याला पाखरू ऐकू येतं, त्याला तो ऐकवायचा. ही गोष्ट सगळ्यात आधी कोणाला ऐकू जायला हवी?"

"तिच्या आईला," ती म्हणाली. नाक वर ओढलं. "पण मग मी नुसती बसणार नाही हं. संगीत माझं."

दुसऱ्या दिवशी भोंगा पडद्यांमध्ये उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजली. मायक्रोफोन बघून तिला सगळ्यांची सगळी "अगं, हळू" एकदम आठवली असावीत. पुन्हा सांगितलं, तर बासरीसारखं गोड बोलायला गेली. ऐकवेना. इंजिनियरने कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

मी पडदा बाजूला केला. "कोणाशी बोलतेयस तू?"

"माइकशी."

"माइकला काय कळतंय धुण्यातलं? समज, आई पलीकडच्या खोलीत आहे आणि तुला तिला हे सांगायचंय."

तिने छाती भरून श्वास घेतला. "ही माझी आई!" ती म्हणाली, आणि इंजिनियरच्या पडद्यावरची आवाज मोजणारी हिरवी रेघ थेट लाल झाली.

"मागे! मागे हो!" तो ओरडला. ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली, तेव्हा कुठे रेघ हिरवी झाली. तिथून तिने सगळी गोष्ट सांगितली. न वाचता, घरी सांगते तशी. मधल्या एका गमतीची भरही तिने आयत्या वेळी घातली. मी डोळे मिटले होते. मला वाफेचा वास आला.

बासरीने सगळं गोड संगीत बाजूला सारलं आणि एका मोठ्या तंतुवाद्याचा खर्जातला, जमिनीतून आल्यासारखा सूर शोधून काढला. तोही तिने बोलण्याच्या खाली ठेवला नाही. "ती बोलायला लागली की संगीताने दाराबाहेर थांबायचं," तिने इंजिनियरला बजावलं. हे मी शिकवलं नव्हतं.

रविवारी वाचनालयाचं खालचं दालन भरून गेलं. भोंग्याची आई पुढच्या रांगेत बसली, शेजारी बाबा. ते त्याच धुलाईघराची गाडी चालवतात. भोंगा भिंतीला टेकून उभी होती. तिचं पडद्याकडे लक्ष नव्हतंच; ती आईकडे बघत होती.

दिवे मालवले. खर्जातला सूर उमटला आणि थांबला. "ही माझी आई!" भोंग्याचा आवाज दालनात दणाणला. आईने मान उचलली. एकदाही आजूबाजूला बघितलं नाही. नजर पडद्यावर, ओठ किंचित उघडे. थोड्या वेळाने ती शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळली आणि तिला वाटलं तेवढ्या हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बोलतेय ती माझी मुलगी!"

मग ती आयत्या वेळी घातलेली गंमत आली. पडद्यावर मशीनची गोल काच होती. भोंगा सांगत होती, "आईच्या हातून एकदाच चूक झाली. तिचा लाल मोजा पांढऱ्या चादरींत गेला आणि अख्खं इस्पितळ गुलाबी चादरींवर झोपलं!"

लोक हसले. आई हसली नाही. ती उठून उभी राहिली.

"माझा मोजा?" तिचा आवाज पडद्यावरच्या आवाजाहून मोठा होता. "कोणी सांगितलं?"

इंजिनियरने घाबरून गोष्ट थांबवली. काच पडद्यावर तशीच राहिली.

"बाबांनी," भोंगा भिंतीपासून म्हणाली. "बाबा नेहमी सांगतात. पाहुणे आले की सांगतात. तू पण असतेस की तिथे. हसतेस."

आई सावकाश नवऱ्याकडे वळली. बाबा खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितके सरकले होते.

"अहो, मोजा तुमचा होता! गाडीत बूट काढून पाय पसरून झोपला होतात! चादरींच्या गाठोड्यावर! आणि इतकी वर्षं माझ्या तोंडावर माझं नाव सांगताय?"

दालनात हसण्याचा असा स्फोट झाला, की बाबा काय पुटपुटले ते कोणालाच कळलं नाही. मी भोंग्याकडे बघितलं. तिचा चेहरा नुसता उजळला होता. आईने ऐकलं होतं, अगदी त्या मोज्यापर्यंत.

"थांबवलं कशाला?" आई इंजिनियरला म्हणाली. "चालू कर. अजून काय काय सांगितलंय ते कळू दे मला."

गोष्ट संपली तेव्हा टाळ्या पहिल्यांदा तिनेच वाजवल्या. दिवे लागल्यावर ती बासरीजवळ गेली, "ते जाड वाजत होतं ते तुझं का? शेवटी आणखी थोडं हवं होतं," म्हणाली. बासरीने कमरेवर हात ठेवून ते तेवढंच का ठेवलं हे सांगायला सुरुवात केली, आईला ऐकू जाईल इतक्या जाड आवाजात. मला हसू आलं. माझी मुलं ही. तिघंही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी भोंग्याने दुरुस्ती करायची ठरवली. मोज्याबद्दलचं खरं वाक्य ज्याचं त्यानेच बोलायचं, असा आईचा निवाडा होता. त्यामुळे बाबा सामानाच्या खोलीत, मखमली पडद्यांमध्ये उभे होते. भोंगा त्यांना माइकपासून किती लांब उभं राहायचं ते दाखवत होती. आई बाहेर इंजिनियरशेजारी खुर्ची टाकून बसली होती.

बाबांनी घसा साफ केला. "मोजा माझा होता," ते म्हणाले. भोंग्याने शिकवल्यासारखं, पोटातून, स्पष्ट.

"ऐकू आलं नाही," आई म्हणाली. "पुन्हा म्हणा."

"मोजा माझा होता!"

"अजून थोडं मोठ्याने."

इंजिनियर माझ्या कानाशी आला. "बाई, पहिल्याच वेळी नीट आलं होतं. त्यांना ऐकूही गेलंय. बघा, हसतायत."

"माहितेय मला," मी म्हटलं. "तू चालू ठेव."