तहानेने दिलेले पंख

मित्रांनो, मी मावा जातीची एक म्हातारी कीड आहे. घेवड्याच्या पानाखाली मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला, तर ती मी समजा. आम्ही झाडांचा रस पिऊन जगतो, त्यामुळे आमचं कौतुक कुणी करत नाही. मीही उगाच साळसूदपणाचा आव आणणार नाही.

माझा जन्म एका काचघरात झाला. तिथल्या संशोधक ताईंनी काही कुंड्यांचं पाणी मुद्दाम बंद केलं होतं आणि माझं रोप नेमकं त्यांतलं. कुंडीवर जाळी होती, म्हणून शेजारच्या टवटवीत रोपावर जायची सोय नव्हती. पानांनी माना टाकल्या, रस पाकासारखा दाट झाला. तो प्यायला की उलट तहानच वाढे. मग मी माझी सोंड देठातल्या पाण्याच्या नळीत खुपसायला शिकले. थोडा रस, थोडं पाणी, असे दिवस काढले. लेकी कमी झाल्या, पण झाल्या त्यांच्या पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागले. आमच्यात आईला अडचण जाणवली की लेकींना पंख फुटतात. त्या शेवटची कात टाकून पंख उघडेपर्यंत रोप टिकावं, एवढ्यातच माझा जीव अडकला होता.

एके दुपारी ताईंचे वडील त्यांचा डबा घेऊन आले. ताई जागेवर नव्हत्या. माझं रोप पाहून वडिलांना राहवलं नाही. त्यांनी जाळी उचलून झारीने भरपूर पाणी घातलं.

"बाबा, हे काय केलंत?" ताई दारातच थबकल्या.

"अगं, पार कोमेजलं होतं. कामाच्या गडबडीत विसरलीस, असं वाटलं."

"मुद्दाम तहानलेलं ठेवलं होतं ते. आता ही कुंडी बाद. साबणाच्या पाण्यात बुडवावी लागेल."

"किड्यांसकट?"

"किडे मरावेत म्हणूनच तर बुडवायची."

बाबांचा चेहरा उतरला. "सकाळपर्यंत राहू दे. मीच येऊन बुडवतो," ते म्हणाले. ताईंनी मान डोलावली.

उजाडेपर्यंत लेकींनी कात टाकली. बाबा कुंडी घेऊन बाहेर बादलीपाशी आले. त्यांनी जाळी काढली, पान उलटं केलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि हलकेच फुंकर मारली. माझ्या लेकी उडाल्या. एक पडली, सावरली, मग तीही गेली. आता त्या कुणाच्या तरी बागेत उतरणार, हे ताईंना कळत होतं. तरी दारात उभ्या असलेल्या ताईंनी बाबांना अडवलं नाही.

मित्रांनो, सुकलेलं रोप पाहून जीव कळवळणं चांगलंच. पण पाणी घालण्याआधी ते तसं का ठेवलंय, हे विचारत जा. विचारायचं राहूनच गेलं, तर निदान बाबांसारखं पान उलटून बघा. मला पंख नाहीत. बादली अगदी जवळ आली आहे. पण माझ्या लेकी गेल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं.