अर्धी दाढी

पोस्टमनकाकांचा उजवा गाल गुळगुळीत झाला आणि डाव्या गालाला वस्तरा लावायच्या वेळी कारागिराचा हात बिथरला. मनगटापासून बोटांपर्यंत नुसती थरथर. त्यानं वस्तरा उचलून पुन्हा चामड्याच्या पट्ट्यावर घासला. धार काही गेली नव्हती, सकाळपासून चारदा लावून झाली होती. पण हात लपवायला माणसाला काहीतरी काम लागतंच.

पलीकडच्या खुर्चीमागून मेव्हण्यानं आरशात पाहिलं. बायकोचा धाकटा भाऊ, पण सलूनचा मालक.

"दाजी, चाललंय ना?"

"चाललंय, चाललंय."

गेल्या आठवड्यात कारागिरानं एका गिऱ्हाइकाचा कान कापला होता. म्हणून मेव्हण्यानं सकाळीच बजावलं होतं, "आज एक दाढी धड करून दाखवा, तर खुर्ची तुमची. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. ताईलाही तसंच सांगितलंय." ताई म्हणजे कारागिराची बायको. दीड महिना झाला, मुलीला घेऊन ती भावाकडेच राहत होती.

दारू सोडून आज नववा दिवस. आणि गंमत बघा, पीत होता तेव्हा ह्याच हाताची कीर्ती होती! सकाळी दोन घोट गेले की हात दगडासारखा स्थिर. झोपलेल्या गिऱ्हाइकाची दाढी व्हायची आणि त्याला जाग यायची नाही. मग दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले, आणि हात कुणाचंच ऐकेनासा झाला. आता घेतली तर घर जातंय, न घेतली तर खुर्ची जातेय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"काका, एक मिनिट हं. तुरटी घेतो."

तुरटी समोरच होती. त्यानं कपाट उघडलं. पावडरच्या डब्यांमागे लोशनची एक जुनी बाटली होती आणि तिच्यात लोशन सोडून जे असायचं ते होतं. दोनच घोट. त्याची बोटं झाकणावर गेली.

"भाऊ कसा आहे रे तुझा?" काकांनी विचारलं.

कारागिराची बोटं झाकणावरच राहिली.

झालं होतं असं. रात्रशाळेच्या एका वर्गात दर गुरुवारी संध्याकाळी दारूनं हैराण झालेली माणसं जमायची. कारागीर तीन गुरुवार तिथं गेला होता, अगदी दाराजवळच्या बाकावर. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "तुमचं काय?" आणि हा बोलून बसला, "छे छे! मी भावासाठी आलोय." आता एकदा भाऊ काढला म्हटल्यावर त्याला सांभाळणं आलं. भावाला झोप लागत नाही, काय करावं? भावाचा हात थरथरतो, तो कधी थांबतो? मंडळींपैकी एकही जण हसला नाही, तिथंच येणारे पोस्टमनकाकाही नाहीत. त्यांतल्या एका शाळामास्तरांनी तर भावासाठी आपला फोन नंबरही लिहून दिला. त्या नसलेल्या भावाची तब्येत इतक्या आस्थेनं विचारली जायची की घरी जाताना कारागिराला त्याचा हेवा वाटायचा.

"भाऊ नाहीये, काका," तो कपाटाकडे तोंड करूनच हळू आवाजात म्हणाला. "भाऊ-बिऊ कुणी नाही. मीच तो. इथं बाटली आहे आणि माझा हात तिच्यावर आहे. वस्तरा धरवत नाही आणि ही सोडवत नाही. माझ्याच्यानं काही होत नाही, काका. काहीच नाही."

त्यानं झाकण सोडलं नाही, पण फिरवलंही नाही.

"मी त्या वर्गात साडूसाठी यायचो," काका फेसातून म्हणाले. "चार महिने. मास्तर पुतण्यासाठी यायचे. मी तर शेवटी कंटाळून साडूला मारूनच टाकलं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले बिचारे!"

कारागिराला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. काकांनी अंगावरच्या कापडासकट उठून ती बाटली घेतली आणि बेसिनमध्ये ओतली. वास दुकानभर झाला. मेव्हणा आपलं गिऱ्हाईक सोडून धावत आला.

"दाजी! प्यायलात?"

"नाही. म्हणूनच तर हात हलतोय."

मेव्हण्यानं स्वतःचा वस्तरा उचलला. "सरका," तो म्हणाला, "उरलेली मी करतो."

"तू नको," काकांनी कापड काढून ठेवलं. "मी ह्याचं गिऱ्हाईक आहे. उरलेली हाच करील." आणि एका गालावर वाळलेला फेस घेऊन ते भर रस्त्यातून चालत गेले.

कारागिराची खुर्ची गेली. तो गुरुवारच होता. संध्याकाळी वर्गात त्यानं पहिल्यांदा उभं राहून सगळं सांगितलं, भावाशिवाय.

मास्तरांनी एवढंच विचारलं, "वस्तरा दुकानाचा की तुझा?"

"माझा."

"मग झालं तर. उद्यापासून आमच्या दाढ्या तुझ्याकडे."

"अहो, हात थरथरतोय!"

"मग थांबू. दाढीला काय, खायला घालावं लागत नाही."

आणि थांबले की खरंच! सहाजण. मास्तरांना शाळेत बोलणी बसली. काकांच्या बायकोनं सांगून टाकलं, "दुसरी बाजू होईपर्यंत माझ्याबरोबर बाहेर येऊ नका." रोज सकाळी काकांच्या गॅलरीत सगळे जमायचे. कारागीर हात पुढे धरायचा, सगळे निरखून बघायचे.

"आज?"

"आज नाही."

मग चहा व्हायचा आणि सगळे आपापल्या कामाला जायचे. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी हात पुरता थांबला नव्हता, पण सांगितलेलं ऐकत होता. बायको अजून भावाकडेच होती. मुलगी आदल्या दिवशी रस्त्यात दिसली, थांबली, आणि पुढे निघून गेली. कारागिरानं काकांच्या गळ्याभोवती जुनी चादर बांधली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. उजव्या गालावरची दाढीही एव्हाना चांगली वाढली होती.

"काका, पहिल्यापासून करावी लागेल."

"कर की."

बाकीचे जवळ सरकले. कारागिरानं दोन बोटांनी कातडी ताणली आणि जबड्याखाली, जिथं शीर उडत होती तिथं, वस्तरा टेकवला.

काकांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.