पुलावरचा दोर

सिद्धूचं पत्र येऊन चार वर्षं होत आली, तरी आकारामनं त्याला उत्तर धाडलं नव्हतं. पत्र काही मोठं नव्हतं. 'आकाराम, पुलावर दोर तुज्या हातात हुता. सैल सोडलास का? व्हय का न्हाई, तेवडंच लिव. फोन करू नगंस, मला आता फोनवरचं ऐकू येत न्हाई.' कुपवाडला पोराकडं जाऊन राहिलेल्या म्हाताऱ्यानं यापेक्षा कमी काय मागावं? आकारामनं उत्तराची दोन-तीन कार्डं लिहिली, अन् सगळी चुलीत घातली.

दर चैताला गावची सासनकाठी कडेगावाकडनं जोतिबाच्या डोंगराला चालत निघते. वीस हाताचा कळक, वर निशाण. वाटेनं तो खांद्यावर आडवा, पण कृष्णेच्या पुलावर उभा करूनच न्यायचा, ही गावची रीत. एकानं कमरेच्या पट्ट्यात बुंधा पेलायचा, चौघांनी चार अंगांनी दोर ताणायचे. ज्याच्यामुळं काठी भुईला लागली त्यानं परत तिला शिवायचं नाही. चालायचं तर समद्यांच्या मागनं.

तीस वर्षं सिद्धूनं काठी पेलली. चार वर्षांमागं ती ह्याच पुलावर पडली. सगळ्यांनी त्यालाच दोष दिला अन् त्यानं तो घेतला. डोंगरापर्यंत मागनं चालत आला, आणि पुढच्या चैताला आलाच नाही.

आज ताकारी सोडली तेव्हाच ऊन चटके देत होतं. दोन्ही अंगाला खोडव्याचा ऊस, मध्ये तापलेलं डांबर, त्यावर अनवाणी पाय. साठ माणसं होती, पण आकारामशी कोण बोलणार? पोरं आपल्या नादात, बायका आपल्या गाण्यात. सिद्धू असता तर दर रानाला नावं ठेवत आला असता, 'हे बघ रं, पाण्याबिगर कसा वाळवलाय ऊस, मालक झोपला असंल.' आकाराम अजून रस्त्याच्या डाव्या कडेनंच चालायचा, उजवीकडं एका माणसाची जागा सोडून.

पूल आला. काठी उभी राहिली. मिल्ट्रीतनं सुट्टीवर आलेल्या शिवतेजनं बुंधा पेलला. वाऱ्याकडचा दोर आकारामकडं. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" गुलाल उडाला. पुलाच्या मध्यावर नदीवरनं वारा आला अन् निशाण फाडकन भरलं. काठी कलली.

"तात्या, धरा! गेली, गेली!"

आकारामनं दोर मनगटाला गुंडाळला अन् अंग मागं टाकलं. तळहाताची साल निघाली. काठी क्षणभर तशीच तिरकी थांबली, मग सरळ झाली.

पलीकडं गेल्यावर शिवतेज धापा टाकत म्हणाला, "तात्या, तुमी हुता म्हून वाचलो. न्हाईतर लोळलीच हुती."

भावकीतली अंजना पदरानं वारा घेत म्हणाली, "आज सिद्धूभावजी पायजे हुते. लोळवून गडी कुपवाडला पळाला असता! देवाचा भार, अन् पायात दम न्हाई."

सगळे हसले. आकारामही हसायला गेला, पण तोंडातनं वेगळंच निघालं.

"सिद्धूनं न्हाई पाडली. म्या पाडली."

"आं?"

"दोर काखंत धरला अन् तंबाकू मळत हुतो. वारा आला तवा हातात दोर न्हवता, चुना हुता."

हसणं जागच्या जागी थांबलं. अंजना म्हणाली, "अन् चार वरसं गप बसला? त्यो मागनं चालला, तवा तुमी म्होरं दोर धरून!"

"व्हय."

शिवतेजनं हात पुढं केला. आकारामनं दोर दिला. मनगटाचा वेढा सुटता सुटेना, तो शिवतेजनंच सोडवला. काठी पुढं निघाली. आकाराम थांबला. सगळी माणसं जाऊ दिली, अगदी मागची लंगडत चाललेली म्हातारीसुद्धा. मग चालायला लागला.

बोरगावात पोहोचला तेव्हा काठीपुढची हलगी गावाच्या पार पलीकडं वाजत होती. त्याच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. तो पोस्टात शिरला, कार्ड घेतलं. सोललेल्या हातानं लिहिताना अक्षर वाकडं गेलं.

'सिद्धू, व्हय. दोर म्या सोडला हुता. तंबाकू मळत हुतो. आज समद्यांम्होरं सांगितलं. आता मी मागनं चालतोय. तुजी जागा तुजी हाय. आकाराम.'

खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारता मारता कार्डावर नजर फिरवली आणि त्या थबकल्या. "आजोबा, हे उघडं कार्ड आहे. वाटेत कुणीही वाचेल. पाकीट देऊ का?"

"नगं बाई. वाचू द्या."

बाईंनी कार्ड टपालाच्या थैलीत टाकलं.