पाळीचे दोन दिवस

चंद्रमतीबाईंनी तिरुवैयारुच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. वरच्या गावचा मणी आणि खालच्या गावचा सदाशिव, दोघंही त्यांचेच विद्यार्थी. सदाशिव तर सख्खा भाचा. खालच्या गावातली बाईंची तीन एकर जमीन तोच कसायचा.

१९९५ साली कावेरीला पाणी कमी आलं. दोन्ही गावं एकाच पाटावर, म्हणून पाळ्या ठरल्या: तीन दिवस वरच्या गावाला, तीन खालच्याला. खालच्यांच्या पाळीत एक दिवस पाणी वाहिलं आणि मग पाटात नदीचं पाणी सोडणारं दारच पाटबंधारे कचेरीनं बंद केलं. चौथ्या दिवशी ते उघडलं, तसे दोघं बाईंच्या ओट्यावर आले.

"टीचर, त्यांचे तीन दिवस झाले," मणी म्हणाला.

"आत्या, दिवस झाले. पाणी कुठं झालं?" सदाशिव म्हणाला.

"ठरवताना दिवस ठरवलेत का पाणी?"

तसं विचारायची वेळ आजवर आलीच नव्हती.

बाई बसनं तंजावूरच्या पाटबंधारे कचेरीत गेल्या. इंजिनिअरनं खुर्ची दिली.

"अम्मा, गावातल्या पाळ्या आम्ही ठरवत नाही."

"मग नदीच्या कशा ठरवता?"

त्यानं एक कागद पुढं केला. कुठल्या कालव्याला किती पाणी, ते त्यावर होतं. बाईंनी सवयीनं बेरीज केली. आकडे बरोबर होते. नदीच तेवढी नव्हती.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला: खालच्यांना आणखी दोन दिवस. खालचं पाणी अडवणाऱ्या पाटातल्या फळ्या मणीनं स्वतः काढल्या.

पण सुकलेल्या पाटाची वाळू पाणी पीत राहिली. पाणी शेतावर पोचलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि संध्याकाळी पाळी संपली.

"आता पोचल्यापासून मोजायचं ना, आत्या?"

"पाट तुमच्या पाळीत सुकला," मणी म्हणाला. "त्याची तहान आम्ही का भागवायची?"

बाई मनाशी तोलू लागल्या. आपण भाच्याकडे झुकतोय म्हणून आपल्याला सदाशिवचं पटतंय, का ते खरंच पटण्याजोगं आहे? आणि मणीचंही पटतंय ते कशामुळे?

"मला कळत नाही रे," त्या म्हणाल्या.

टीचरच्या तोंडून हे दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. मणी उठला आणि निम्म्या फळ्या लावून आला. "अर्धं इकडं, अर्धं तिकडं. बघू." सदाशिव पुटपुटला, पण फळ्यांच्या फटींना माती लावायला गेला.

अर्धं पाणी पाटाच्या शेवटपर्यंत पोचेना. बाईंची एक एकर जमीन लावणीवाचून राहिली. मणीचीही रोपं पिवळी पडली, लोंब्या आखूड आल्या.

पोंगलच्या सणाआधी मणी नव्या तांदळाचं एक पोतं बाईंच्या ओट्यावर ठेवून गेला. भरपाई म्हणून, का शाळेतल्या बाईंना मान म्हणून, त्यानं सांगितलं नाही.

"घेऊ का?" बाईंनी सदाशिवला विचारलं.

"त्यालाच विचार की."

विचारायचं त्यांच्यानं झालं नाही. पोतं दोन दिवस ओट्यावर राहिलं. तिसऱ्या दिवशी खारी त्याला लागल्या, तेव्हा त्यांनी ते आत ओढून घेतलं.