माकडं खाली आली

जकार्ताहून पाहुण्या म्हणून येणाऱ्या वानियाबाई फोनवर खुशीत होत्या. "सुमेर्ती, जेवणाचं टेबल ज्वालामुखीच्या अगदी समोर लाव हं. थोडा धूर दिसला तर मैत्रिणी जळतील नुसत्या!"

"हो, बाई," सुमेर्ती म्हणाली. बालीतल्या त्या डोंगराखालच्या आलिशान बंगल्यात पाहुण्यांची सगळी व्यवस्था तीच ठरवत असे.

तेवढ्यात बंगल्याची बाग सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या रेणाकाकांनी बाहेरून हाक मारली. "पोरी, बघ जरा!"

अंगणातल्या छोट्या देवळापुढचा नैवेद्य माकडं ओरबाडून खात होती. पिल्लं त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. सुमेर्तीनं फोन कानापासून दूर धरला.

"भुकेली असतील, काका."

"भुकेपायी रान सोडत नाहीत ती. माझ्या लहानपणी एकदाच आली होती अशी. मग राख पडली."

तिचे बाबा गावाच्या स्मशानात मातीखाली होते. साऱ्या गावाचं एकत्र दहन होईपर्यंत प्रेत पुरून ठेवायची तिथली रीत, आणि ते दहन अजून दोन महिन्यांवर होतं. त्याआधी डोंगर फुटला, तर गाव सोडून पळावं लागणार आणि बाबा अग्नीवाचून राखेखाली राहणार. पाहुण्यांना नको म्हणणं म्हणजे हे खरं मानणं.

"अगं, ऐकतेस ना?" फोनमधून आवाज आला.

"येऊ नका, बाई," ती कशीबशी म्हणाली. "डोंगर जागा होतोय."

फोन ठेवून ती काकांकडे वळली. "पुजाऱ्यांकडे चला. बाबांना उद्याच अग्नी देऊ."

"एकट्यालाच? मुहूर्ताशिवाय? पुजारी ऐकायचे नाहीत."

पायाखालची फरशी हलकेच थरथरली. काकांनी चपला शोधल्या नाहीत, ते तसेच निघाले.